परंगीमलैपासून हिंगणघाटपर्यंत

चेन्नईत चार दिवसांच्या टेंपररी ड्युटीवर आलो होतो. काम शुक्रवारी दुपारीच उरकलं आणि परतीची गाडी रविवारी रात्रीची. मराठी माणूस इथे आला की जॉर्ज टाउनमधल्या काळिकांबाळच्या देवळात जातो. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आले होते, अशी परंपरा आहे. संध्याकाळी तिथे जाऊन आलो. शनिवार मात्र मी सायकलसाठी राखून ठेवला होता. खरं तर एका रेषेसाठी.

वेलाचेरीच्या एका गल्लीत भाड्यानं सायकली मिळतात असं मेसमध्ये कळलं. माउंटन बाइक मागितली तसा दुकानातला पोरगा हसला. म्हणाला, "मलै इल्ल, सार." मलै म्हणजे डोंगर. डोंगरच नाहीत साहेब, तर डोंगराची सायकल कशाला? त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. चेन्नई तळहातासारखी सपाट आहे. तरी त्याच्याकडे अशा तीन सायकली होत्या. पहिलीचा मागचा ब्रेक दाबला की लिव्हर थेट हँडलला टेकत होती. दुसरीची साखळी खाऱ्या वाऱ्यानं तांबूस झाली होती आणि उलटं पॅडल मारलं की कुरकुरत होती. तिसरी बरी निघाली. पुढच्या फोर्कवर जोर देऊन पाहिलं, चाकं हातानं फिरवून पाहिली, सीट माझ्या उंचीला बसवली. जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या मागून घेतल्या. समुद्रकाठच्या गावात सायकल भाड्यानं घेणार असाल तर रंगाकडे पाहू नका, साखळीकडे पाहा.

जायचं कुठे, यावर पोराचं एकच उत्तर होतं: ईसीआर, म्हणजे महाबलीपुरमकडे जाणारा किनारी रस्ता. शनिवार-रविवारी पहाटे शहरातले सगळे सायकलवाले तिकडेच असतात. रस्ता छान आहे, पण गुळगुळीत. त्याला जाड टायर लागत नाहीत. ओल्या वाळूवरून चालवायला मजा येते, पण मीठ बेअरिंगमध्ये शिरलं की सायकल दुसऱ्याची आहे हे आठवतं. गिंडीचं राष्ट्रीय उद्यान भर शहरात आहे आणि दक्षिणेला नन्मंगलमचं राखीव जंगल आहे, पण तिथे आत सायकल घालायची सोय नाही. उरतात ते एरींचे बांध. एरी म्हणजे तळं. जुन्या चेंगलपट्टू जिल्ह्यात शेतीसाठी पाणी अडवून अशी असंख्य तळी केलेली आहेत. त्यांच्या मातीच्या बांधांवरून पायवाटा जातात. चेन्नईत माउंटन बाइकची खरी वाट म्हणाल तर ती हीच.

मला मात्र बांधही रेषेला धरूनच हवे होते. पहाटे पाचला सायकल काढली आणि सेंट थॉमस माउंटला आलो.

जेमतेम तीनशे फुटांची ही टेकडी. तमिळमध्ये तिचं नाव परंगीमलै, फिरंग्यांचा डोंगर. (डोंगर इल्ल म्हणणाऱ्या पोराला हे परत गेल्यावर ऐकवायचं ठरवलं.) माथ्यावर पोर्तुगीजांनी बांधलेलं चर्च आहे, पायथ्याला कंपनीच्या काळात मद्रास तोफखान्याचं ठाणं होतं आणि आज ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आहे. वर जायला अर्मेनियन व्यापारी पेट्रस उस्कान यानं अठराव्या शतकात बांधून दिलेल्या पायऱ्या आहेत. सायकल खांद्यावर टाकून त्या चढायचा मोह झाला. खडकवासल्याला ज्यांनी तीन वर्षं काढली त्यांना कारण सांगायला नको. एनडीएत कॅडेट सायकलवर कमी बसतो आणि शिक्षेपायी सायकलच कॅडेटवर जास्त बसते. पण प्रार्थनेच्या जागी हा तमाशा बरा दिसला नसता. गाडीरस्त्यानं, सगळ्यात हलक्या गिअरवर, धापा टाकत वर गेलो.

वर विल्यम लॅम्ब्टनचा अर्धपुतळा आहे. तिसाव्या की एकतिसाव्या पायदळ पलटणीचा वगैरे गोंधळ नको: तो ३३ व्या पलटणीचा. टिपूविरुद्धच्या १७९९ च्या मोहिमेत हा होता. श्रीरंगपट्टणच्या वेढ्याआधी एका रात्री जनरल बेअर्ड तुकडी घेऊन निघाला. लॅम्ब्टननं आकाशाकडे पाहिलं आणि सांगितलं, आपण उत्तरेला परतत नाही, दक्षिणेला, म्हणजे सरळ टिपूच्या फौजेकडे चाललो आहोत. बेअर्डला ते पटलं नाही. शेवटी होकायंत्र पाहिलं, तर तारे खरं बोलत होते.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कान गरम झाले. कॅप्टन असताना पूर्वेकडच्या एका सेक्टरमध्ये रात्रीच्या गस्तीवर मी नाला चुकलो होतो. माझ्या मागच्या हवालदारानं हळूच सांगितलं, "साहेब, सप्तर्षी पाठीमागे यायला लागले." मी त्याला गप्प केलं. परतीच्या वाटेवर सप्तर्षी समोर असायला हवे होते, एवढं साधं गणित. पुढची चाळीस मिनिटं अकरा माणसं माझ्या अहंकारामागून चालली. कुणाला काही झालं नाही, हे नशीब. सकाळी मी त्या हवालदाराची माफी मागितली, पण तीही एकट्यात. चूक सगळ्यांसमोर केली होती, तर माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी होती.

असो. टिपू पडल्यावर लॅम्ब्टननं आर्थर वेलस्लीच्या पाठबळावर कंपनीपुढे एक योजना मांडली: पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी विणायची. तत्त्व आपण शाळेत शिकलेलंच आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू कागदावर निघतात. मग त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची ती पहिली रेषा. बाकीचं दुर्बिणीतून कोन घेऊन. पण पहिल्या रेषेत वीतभर चूक राहिली, तर ती चूक त्रिकोणामागून त्रिकोण तुमच्याबरोबर चालत येते.

ती पहिली रेषा इथली. परंगीमलैच्या पायथ्यापासून दक्षिणेला पेरुंबाक्कमच्या टेकडीकडे, सुमारे साडेसात मैल. १० एप्रिल १८०२ ला मोजणी सुरू झाली. पोलादी साखळी शंभर फुटांची. तिचीही कथा आहे. ती मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती, तिथे नाकारली गेली आणि फिरत फिरत हिंदुस्थानात विकली गेली. ही साखळी जमिनीवर टाकून चालत नव्हती. लाकडी पेट्यांत ताणून, तिकाट्यांवर समपातळीत ठेवून, वर सावली धरून, शेजारी थर्मामीटर लावून एकेक माप घ्यायचं. कारण पोलाद उन्हानं वाढतं. शंभर फुटांत एक सेल्सिअस अंशाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण साखळी चारशे वेळा उचलायची असेल तर एका अंशाची चूक चौदा सेंटीमीटर होते. आणि काम कधी, तर मद्रासच्या एप्रिल-मे महिन्यांत! सत्तावन्न दिवस लागले. पेट्या उचलणारे, सावली धरणारे हात इथल्याच माणसांचे होते. इतिहास त्यांना 'लस्कर' या एका शब्दात उरकतो.

टेकडीवरून दक्षिणेला पाहिलं. लॅम्ब्टनला मोकळं माळरान दिसलं असेल. मला विमानतळ, मेट्रो आणि पाण्याच्या टाक्या दिसल्या. सरळ रेषेनं जाणं शक्यच नव्हतं. मेडवाक्कम रस्ता धरला: कीळकट्टळै, कोविलम्बाक्कम, असं एकेक नाव मागे टाकत. साडेसहापर्यंत ठीक होतं, मग बस, पाण्याचे टँकर आणि दुधाच्या गाड्यांनी रस्ता गिळला. टँकरनं दुसऱ्यांदा कट मारला तेव्हा डावीकडे उतरलो आणि एका एरीचा बांध पकडला. एका बाजूला पाणी, बगळे, जलपर्णी. दुसऱ्या बाजूला लोकांच्या बाल्कन्यांत वाळणारे कपडे. टायरमधली हवा थोडी कमी केली, मागचं चाक मातीत नीट बसायला लागलं. जेमतेम दीड किलोमीटर वाट असेल, पण त्या दीड किलोमीटरसाठी सायकल घेतली होती.

मग फुस्स. वेडी बाभूळ. आपल्याकडे माळावर माजते तीच, इथे तिला सीमै करुवेलम म्हणतात. सीमै म्हणजे विलायती. दोन काटे टायरमधून आरपार. बांधावरच चाक काढून बसलो. एक म्हातारे गृहस्थ लुंगी गुडघ्यावर बांधून फिरायला आले होते, ते थांबले. भाषा एकमेकांना कळत नव्हती, पण त्यांनी टायरच्या आतून बोट फिरवून मला दिसला नव्हता तो तिसरा काटा काढून दिला. तसाच नवीन ट्यूब घातला असता तर शंभर मीटरवर पुन्हा बसलो असतो.

पुढे डाव्या हाताला पळ्ळिकरणैची पाणथळ. २०२२ पासून ती रामसर यादीत आहे. यादीत येईपर्यंत तिच्या अंगावर वसाहती, आयटी कंपन्या आणि कचराडेपो चढून बसले होते. शहरातलं पावसाचं पाणी याच उथळ पसरटात जिरायचं. आता ते घरांत शिरतं. जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवला की पुराचं कारण वेगळं शोधावं लागत नाही.

पेरुंबाक्कमला पोचलो तेव्हा मीटरवर एकोणीस किलोमीटर झाले होते. लॅम्ब्टनची रेषा बारा किलोमीटरची. वर सात किलोमीटर माझ्या वाटा निवडण्याचे. टेकडी म्हणजे इमारतींमधून डोकावणारा खडक. भोवती शहरातल्या नदीकाठच्या वस्त्या उठवून आणलेल्या लोकांच्या सरकारी चाळींच्या रांगा. कोपऱ्यावर चहा घेतला आणि मोबाइलवर नकाशा उघडला.

इथून निघालेले त्रिकोण पश्चिमेला मंगळूरकडे गेले आणि द्वीपकल्पाची रुंदी तोवरच्या नकाशांपेक्षा तब्बल चाळीस मैलांनी कमी भरली. दक्षिणेला गेले ते तंजावरला. तिथे १८०८ मध्ये, सरफोजी राजांच्या काळात, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट बृहदीश्वराच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. पाचच वर्षांपूर्वी त्याच देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला होता. लॅम्ब्टननं सहा आठवडे ठोकठोक करून वाकलेलं वर्तुळ सरळ केलं आणि तेच यंत्र घेऊन उत्तरेला निघाला.

हे सगळं त्यानं आपल्यासाठी केलं, असा भ्रम नको. नकाशा कंपनीला महसुलासाठी आणि फौजांसाठी हवा होता. त्या फौजांनी पुढे काय केलं हे आपल्याला माहीत आहे. पण नंतर त्याच त्रिकोणांवर बेतलेल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटवर, ठिपका असलेला छोटा त्रिकोण शोधत मी कॅम्प ग्रीनहॉर्न केला आणि पुढे तोफखान्याला ग्रिड रेफरन्स दिले. एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. तो लॅम्ब्टनचा मदतनीस होता. स्वतः लॅम्ब्टन हैदराबादेहून नागपूरकडे जाताना वाटेत २० जानेवारी १८२३ ला वारला. हिंगणघाटला. कबर तिथेच आहे.

हिंगणघाट माझं आजोळ. दर उन्हाळ्यात वणा नदीत डुंबलो, पण ही कबर कुणी दाखवली नाही. नावही प्रथम ऐकलं ते वर्दी चढल्यावर. चहा संपवून मामाला फोन लावला.

"कुठं हायेस?"

"चेन्नईला. सायकलवर."

"या वयात सायकल कायले चालवून राह्यला?"

मी सगळं सांगितलं. रेषा, साखळी, काटे. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मंग तिथून इथपर्यंत किती होते?"

"सरळ रेषेत साडेआठशे किलोमीटर."

"अन् त्या मानसाले किती दिवस लागले?"

"जवळपास एकवीस वर्षं."

"आता आलास का दोघं जाऊ," मामा म्हणाला. "मी बी पाह्यली नाही."

परत जाताना ऊन डोक्यावर होतं. दुकानातल्या पोराला परंगीमलैचं सांगितलं. तो मोठ्यानं हसला आणि त्यानं पंक्चरचे साठ रुपये वेगळे लावले.