शिडाच्या नौकेवर वीज रुसते तेव्हा

वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेला विजेचे काय काम, असा प्रश्न किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात डोलकाठीवरील दिवे, व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस आणि तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप हे सारे बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मालवाहू जहाजांच्या वाटेत रात्री दिवा विझला, तर छोटी नौका त्यांच्या नजरेस पडेलच याची शाश्वती नसते.

बिघाड झाला की पहिला संशय उपकरणावर जातो. बहुतेक वेळा दोष असतो तो तारांच्या जोडात. खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवट-काळा थर चढतो आणि विजेची वाट अडते. २५ वॉटचा दिवा सुमारे २ अँपिअर प्रवाह घेतो. गंजलेल्या जोडाचा रोध अवघा अर्धा ओहम असला, तरी जवळपास १ व्होल्ट तेथेच खर्ची पडतो आणि साध्या बल्बचा उजेड सुमारे पाव भागाने घटतो. घरच्या २३० व्होल्टमधून एवढी घट झाली तर कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

शोधाची सुरुवात बॅटरीपासून करावी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास विश्रांत असताना १२.७ व्होल्ट दाखवीत असेल तर ती पूर्ण भरलेली, १२.२ असेल तर निम्मी समजावी. लिथियम बॅटरीला हा आडाखा लागू पडत नाही. तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतो. इंजिन सुरू केल्यावर आकडा १४ च्या आसपास चढला नाही, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. मात्र इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करू नये. अल्टरनेटरचे डायोड जळण्याचा धोका असतो.

येथपर्यंत सारे ठीक असेल तर तारेचा माग घ्यावा. नवखा माणूस फसतो तो येथेच. दिव्याची तार सोडवून मल्टिमीटर लावला की तो १२ व्होल्ट दाखवितो आणि वायरिंग निर्दोष वाटते. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे खराब जोडही धडधाकट भासतो. दिवा जोडलेला व स्विच चालू ठेवून मीटरचे एक टोक जोडाच्या अलीकडे, दुसरे पलीकडे लावावे. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट आला तर गुन्हेगार सापडला. परतीची, म्हणजे ऋण बाजूची तारही अशीच तपासावी, कारण तिचा बहुतेकांना विसर पडतो. डोलकाठीच्या बुंध्यापाशी असलेला जोड पावसात आणि लाटांच्या तुषारांत सतत भिजतो. तो आधी पाहावा.

काळी पडलेली तार उजळ तांबे दिसेपर्यंत कापून टाकावी आणि नवे टर्मिनल दाबून बसवावे. कल्हई केलेली तार महाग असली तरी समुद्रावर तीच टिकते. फ्यूज वारंवार उडत असल्यास मोठा फ्यूज घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. १२ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही. परंतु बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पाना पडला तर तो क्षणात लाल होऊ शकतो, म्हणून काम करताना अंगठी, कडे उतरवून ठेवावे. धक्क्यावरून येणाऱ्या २३० व्होल्टच्या जोडणीला जाणत्या इलेक्ट्रिशियनखेरीज कोणी हात लावू नये.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सूर्यास्त ते सूर्योदय दिवे लावणे बंधनकारक आहे. ७ मीटरपेक्षा लहान शिडाच्या नौकेला ते शक्य नसेल, तर टक्कर टळेल इतक्या आधी दाखविता येईल असा पांढऱ्या प्रकाशाचा टॉर्च किंवा कंदील हाताशी ठेवावा लागतो. मोठ्या नौकेवरही टॉर्च आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, हातात धरण्याजोगा व्हीएचएफ संच असावा. संकटाची हाक १६ क्रमांकाच्या चॅनेलवर दिली जाते.