भंडारदरा : जलाशयाकाठच्या घरगुती कॉटेजचे वर्षचक्र

मुंबई, पुणे आणि नाशिक येथून काही तासांत गाठता येतील असे जलाशय सह्याद्रीत अनेक आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा हा त्यांपैकी सर्वाधिक परिचित जलाशयांपैकी एक होय. मोठ्या हॉटेलांच्या जोडीला येथे दोन-चार कॉटेज, पुढे अंगण आणि मागे घरचेच स्वयंपाकघर अशा स्वरूपाचे कौटुंबिक निवासही चालतात. शहरातून येणाऱ्या पाहुण्याला त्यातील एखादा शनिवार-रविवार दिसतो. ते चालविणाऱ्या कुटुंबाला मात्र बारा महिने निभावावे लागतात आणि ज्या पाण्याच्या आधारावर हा व्यवसाय उभा असतो, त्या पाण्यावर त्याचा कोणताही अधिकार नसतो.

धरण शेतीसाठी

प्रवरा नदीवरील हे दगडी धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन धरण म्हणून, तर त्याचा जलाशय आर्थर लेक म्हणून ओळखला जातो. धरणाची उंची सुमारे ८२ मीटर व साठवण क्षमता सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. ते बांधले गेले ते खालच्या भागातील शेतीसाठी. प्रवरेच्या कालव्यांवर संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या पट्ट्यातील ऊस आणि अन्य पिके उभी राहिली. पुढे याच नदीवर निळवंडे धरण झाले.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की जलाशयात पाणी किती राहील हे पाटबंधाऱ्यांच्या आवर्तनांवर ठरते. साधारण पावसाच्या वर्षी ऑगस्टच्या मध्यास धरण भरत येते. त्यानंतर रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांमुळे पातळी उतरत जाते. पाऊस कमी झाल्यास प्रश्न तालुक्यापुरता राहत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये जायकवाडीसाठी नाशिक व नगर जिल्ह्यांतील धरणांमधून सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा त्यात प्रवरा खोऱ्यातील धरणांचाही वाटा होता. मराठवाड्याच्या तहानेपुढे कॉटेजच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याला महत्त्व मिळण्याचे कारण नाही आणि ते योग्यच आहे. तथापि व्यवसाय करणाऱ्याला ही अनिश्चितता गृहीत धरूनच वर्षाची आखणी करावी लागते.

आगोट आणि काजवे

या व्यवसायाचे वर्ष जानेवारीत नव्हे, तर आगोटीला, म्हणजे मेच्या उत्तरार्धात सुरू होते असे म्हणता येईल. पावसाळ्यापूर्वीची सारी कामे याच काळात उरकावी लागतात. फुटकी कौले बदलून छपरे शाकारणे, पत्र्याचे खिळे तपासणे, भिंतींभोवती चर खणणे, शौचालयाची टाकी उपसून घेणे, सरपण कोरड्या जागी रचणे आणि धान्य, कांदे, बटाटे, गॅसच्या टाक्या व जनित्राचे डिझेल यांचा साठा करणे अशी ही यादी लांबलचक असते. एकदा पाऊस लागला, की गळणाऱ्या छपरावर चढणे धोक्याचे ठरते.

नेमक्या याच दिवसांत काजव्यांचा हंगाम असतो. मेअखेर ते पावसाचा जोर वाढेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे लुकलुकतात. ते पाहण्यासाठी लोटणाऱ्या गर्दीमुळे एरवी मोकळ्या असणाऱ्या खोल्या या काळात मिळेनाशा होतात. जलाशयाच्या वरच्या अंगाची घाटघर, साम्रद, रतनवाडी ही गावे १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतात. त्यामुळे वन विभाग प्रवेशशुल्क आकारतो, वेळेची बंधने घालतो आणि गोंगाट व प्लास्टिक यांस मनाई करतो.

काजव्याचा प्रकाश ही नराने मादीला दिलेली साद असते. प्रौढ काजव्याचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे असते. त्याआधीचा प्रदीर्घ काळ तो अळीच्या रूपात ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात गोगलगायींसारख्या लहान जीवांवर जगतो. गाड्यांचे प्रखर दिवे, कॅमेऱ्याचे झोत आणि झाडाखालची तुडवातुडव यांमुळे मीलनात अडथळा येतो व मातीतील पुढची पिढीही चिरडली जाते. वर्षातील सर्वांत किफायतशीर पंधरवडा देणारा हा कीटक त्या पंधरवड्यातील गर्दीनेच नाहीसा होऊ शकतो. जाणकार मालक म्हणूनच काजव्यांच्या दिवसांत बाहेरचे दिवे मालवतात, पाहुण्यांच्या गाड्या आवारातच उभ्या करायला लावतात आणि स्थानिक वाटाड्याबरोबर त्यांना पायी नेतात. हे सारे न पटणारा पाहुणा शेजारच्या मुक्कामी जातो, ही त्याची किंमत असते.

मान्सूनपूर्व वादळी वारे हा याच काळातील दुसरा धोका. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात अशाच वाऱ्यात बोट उलटून सहा जणांना प्राण गमवावे लागले. संध्याकाळी आभाळ भरून आले असता बोट पाण्यात न घालणे आणि जीवरक्षक जॅकेटशिवाय कोणालाही तीत न बसविणे हे नियम पाहुण्याच्या आग्रहापुढे शिथिल करण्याजोगे नाहीत.

आवणी आणि शनिवार-रविवार

जुलै-ऑगस्ट हा धबधब्यांचा व धुक्याचा काळ. घाटघर परिसर जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा असून ‘नगर जिल्ह्याचे चेरापुंजी’ अशी त्याची ख्याती आहे. पाहुणे पाऊस पाहायला येतात. पण त्याच आठवड्यांत भाताची आवणी चालू असते. या पट्ट्यातील महादेव कोळी व अन्य कुटुंबांचे खरीप भात, नागली आणि वरई यांवर अवलंबून असते. आवणी लांबली तर पीक हातचे जाते. शनिवारी वीस जणांचा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियाच सोमवारी गुडघाभर चिखलात उभ्या असतात. मजूर आणावेत तर त्यांनाही स्वतःची आवणी असते. घरातील माणसे शेत आणि स्वयंपाकघर यांत कशी वाटायची, हा पावसाळ्यातील खरा प्रश्न असतो.

त्याखालोखाल प्रश्न असतो तो ओलाव्याचा. आठवडेच्या आठवडे ऊन नसल्याने चादरी वाळत नाहीत, गाद्यांना कुबट वास येतो आणि भिंतींवर बुरशी धरते. त्यामुळे प्रत्येक पलंगामागे चादरींचे किमान तीन संच ठेवणे, चुलीच्या उबेवर कपडे वाळविण्यासाठी वेगळी खोली राखणे आणि गाद्या जमिनीपासून उंच ठेवणे भाग पडते. वीज जाणे नित्याचेच असते.

गर्दीच्या दिवसांत प्रशासनाचे आदेश कधीही येऊ शकतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर राज्यात अनेक ठिकाणी पावसाळी पर्यटनावर निर्बंध आले. अशा वेळी आगाऊ रक्कम परत करायची की तारीख बदलून द्यायची, याचे धोरण आरक्षण घेतानाच लेखी स्पष्ट केलेले असल्यास वाद टळतो.

भरलेले पाणी, थंडीचे दिवस

सप्टेंबर ते जानेवारी हा जलाशयाचे रूप पूर्ण खुलण्याचा काळ. उतारांवर सोनकी व तेरडा फुलतो, पाणी काठोकाठ असते आणि रतनवाडीतील अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर, रतनगड व १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर यांकडे जाणाऱ्यांची संख्या वाढते. आकड्यांपेक्षा पंचांगाकडे येथे अधिक लक्ष ठेवावे लागते. श्रावणात सामिष जेवणाची मागणी घटते, पितृपक्षात कुटुंबे सहसा सहलीला निघत नाहीत, नवरात्रात कळसूबाईच्या यात्रेला भाविक येतात आणि दिवाळीच्या सुटीत मागणी शिगेला पोहोचते. याच सुमारास भाताची सोंगणी व झोडणी असल्याने मनुष्यबळाची ओढाताण पुन्हा होते.

डिसेंबरमध्ये काठावर तंबू लावून रात्र घालविणाऱ्या तरुणांची गर्दी असते. ३१ डिसेंबरची रात्र उत्पन्नाची तशीच कटकटीचीही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास कायद्याने मनाई आहे. ही गोष्ट पाहुणा आल्यावर सांगण्यापेक्षा आरक्षणाच्या वेळी सांगितलेली बरी.

ओसरलेले पाणी

फेब्रुवारीपासून परीक्षांमुळे मागणी घटते आणि पाणीही मागे सरू लागते. एप्रिलपर्यंत कॉटेजच्या पायऱ्या आणि पाणी यांच्यामध्ये भेगाळलेल्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. जाहिरातीतील छायाचित्र ऑक्टोबरचे आणि पाहुणा एप्रिलचा, असे झाले की तक्रार ठरलेली. मोसमानुसार निरनिराळी छायाचित्रे देणारा मालक सुरुवातीला चार पाहुणे गमावतो. पण जे येतात ते पुन्हा येतात.

उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर तंबू ठोकण्याचा मोह या दिवसांत होतो. जलाशयाची जमीन शासनाची असल्याने तिच्यावर परवानगीविना व्यवसाय करणे हे अतिक्रमण ठरते. परिसरातील वाड्यांची अवस्था याच काळात ‘धरण उशाला, कोरड घशाला’ या म्हणीसारखी होते. डोंगराळ भागातील विहिरी आटतात आणि गावकऱ्यांना टँकरची वाट पाहावी लागते. गावाला पिण्याचे पाणी अपुरे असताना कॉटेजच्या आवारात कारंजे उडत असेल, तर गावाशी असलेले संबंध टिकत नाहीत. आणि गावाच्या सद्भावाविना येथे एकही हंगाम पार पडत नाही.

परवाने आणि जमीन

दोन खोल्यांचा व्यवसाय असला तरी कागदपत्रे सुटत नाहीत. अन्नपदार्थ देण्यासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी, ओळखपत्रांसह पाहुण्यांची नोंदवही आणि परदेशी पाहुणा आल्यास २४ तासांत त्याची माहिती विहित नमुन्यात कळविणे बंधनकारक आहे. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा कमी असल्यास सेवा व्यवसायाला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यापुढे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. शेतकऱ्यांसाठी राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले असून पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते.

जमिनीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे हस्तांतरित करण्यावर कडक बंधने असून सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीविना असा व्यवहार करता येत नाही. जलाशयासमोरची जमीन म्हणजे गुंतवणूक असे समजून येणाऱ्या शहरी खरेदीदाराने हे आधी पाहावे. या तरतुदींमुळे घर आणि व्यवसाय स्थानिक कुटुंबांच्या हाती राहण्यास मोठा आधार मिळतो.

हिशेब

शनिवारी रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांवरून या व्यवसायाचे उत्पन्न मोजणे फसवे ठरते. उदाहरणादाखल चार कॉटेजचे गणित मांडता येईल. वर्षाच्या ५२ आठवड्यांत शुक्रवार व शनिवार मिळून १०४ रात्री होतात. या सर्वच्या सर्व रात्री चारही कॉटेज भरली, तरी वर्षातील ३६५ रात्रींपैकी जेमतेम २८ टक्के वापरात येतात. प्रत्यक्षात फेब्रुवारी-मार्चचे, पितृपक्षाचे आणि मुसळधार पावसाचे आठवडे वजा होतात. राखणदाराचा पगार, कर्जाचा हप्ता, विजेचा स्थिर आकार आणि छपराची डागडुजी मात्र वर्षभर चालूच राहते.

म्हणून टिकलेल्या कुटुंबांचा भर खोल्या वाढविण्यापेक्षा रिकाम्या दिवसांवर असतो. सोमवार ते गुरुवार शाळांच्या सहली, पक्षिनिरीक्षक व ज्येष्ठ नागरिकांचे गट यांना सवलतीत बोलावणे, तसेच शेतातील तांदूळ, नागली व हातसडीच्या पदार्थांची विक्री करणे हे त्यातील प्रमुख मार्ग. मार्च २०२० मधील टाळेबंदीने एक गोष्ट दाखवून दिली. पाहुणे पूर्णपणे थांबले तेव्हा ज्यांच्या घरी भाताचे कोठार होते, त्यांना खोल्या बंद ठेवून थांबणे शक्य होते. कर्जावर बांधकाम वाढवून शेती सोडून दिलेल्यांना ती मुभा नव्हती.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्याने मुंबईच्या बाजूने इगतपुरी-घोटी गाठणे सुकर झाले आहे. त्याचा लाभ मिळेल तसाच एक तोटाही संभवतो. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा पर्यटक वाढला, तर रस्ता भरेल. पण खोल्या रिकाम्या राहतील आणि कचरा मात्र गावात उरेल. मुक्काम करण्याजोगे कारण देणे, म्हणजे अंधार, शांतता व घरचे जेवण जपणे, हेच लहान निवासाचे भांडवल आहे. ते मोठ्या हॉटेलला पैसे मोजूनही सहजी उभे करता येत नाही आणि एकदा गमावले तर घरगुती मालकालाही परत मिळत नाही.

थोडक्यात

कसे जावे : रेल्वेने इगतपुरी, रस्त्याने मुंबई-आग्रा महामार्गावरील घोटीहून बारीमार्गे शेंडी. धरण शेंडी गावालगत आहे.
काजवे : मेअखेर ते जूनचा मध्य, पावसानुसार मागेपुढे. वन विभागाच्या वेळा पाळाव्यात.
भरलेला जलाशय : साधारणतः ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत.
गर्दी टाळायची असल्यास : सोमवार ते गुरुवार. कुटुंबाकडे पाहुण्यासाठी वेळ आणि निवांतपणाही याच दिवसांत असतो.