मातीचे धरण आणि पानशेतचा प्रलय

पुण्यास मुठेच्या काठी पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या काळातील ओंकारेश्वराचे देवालय आहे. नदीचे पूर या देवालयास नवे नव्हते. पावसाळ्यात पाणी चढे आणि ओसरे. परंतु ता. 12 जुलै 1961 रोजी जे पाणी आले, ते माणसाने अडविलेले व माणसाच्या हातून सुटलेले पाणी होते. त्या दिवशी देवालय पाण्याखाली गेले. दगडी बांधकाम मात्र टिकले. काठावरील मातीचे वाडे व चाळी टिकल्या नाहीत.

पुण्याच्या वर, मुठेस मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधण्याचे काम 1957 साली सुरू झाले होते. ते 1962 पर्यंत पुरे व्हावयाचे होते. पण एक वर्ष आधीच, 1961 च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठविण्याचे ठरले. सगळी घाई येथून सुरू झाली.

मातीचे धरण म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. मधोमध चिकण मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांस मुरूम दाबून भरतात, पाण्याकडील बाजूस दगड बसवितात. जादा पाण्यासाठी सांडवा आणि कालव्यास पाणी सोडण्यासाठी बांधाच्या पोटातून मोरी ठेवतात. शेताची ताल ज्याने घातली आहे, त्यास पुढचे सांगावयास नको. पाणी माथ्यावरून वाहू लागले की बांध राहत नाही, आणि पोटातून झिरपू लागले तर ते कणाकणाने माती घेऊन जाते. झिरप्याचे पाणी स्वच्छ असेल तोवर ठीक, ते गढूळ झाले की बांध आतून पोखरला जात आहे असे समजावे.

पानशेतचे दुखणे मोरीत होते. तिची कमान लोखंडी सळयांवाचून, साध्या काँक्रीटची केलेली होती. दारे वरखाली करण्याची यंत्रणा पुरी बसली नव्हती, त्यामुळे ती अर्धवट उघडी राहिली आणि पाणी आतून हिसके देत धावू लागले. त्या धक्क्यांनी मोरी खचली व तिच्यावरील माती बसू लागली. जुलैच्या पावसाने तलाव भरत होता आणि धरणाचा माथा त्याच जागी खाली येत होता. 11 तारखेच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून तो माथा धरून ठेवला. धरण वाचले नाही, पण फुटावयाचे ते अंधारात न फुटता सकाळी फुटले. पुण्यातील कित्येक कुटुंबे आज नांदत आहेत, ती या काही तासांमुळे.

शहरास मात्र वेळेवर नीट इशारा मिळाला नाही. पुष्कळ लोक नेहमीचाच पूर समजून नदीवर पाहावयास गेले. वाटेत खडकवासल्याचे दगडी धरण होते, 1879 च्या सुमारास पुरे झालेले. एवढा लोंढा पेलण्यासाठी ते बांधलेले नव्हते. दुपारी तेही फुटले. म्हणजे पुण्यावर एकाच दिवशी दोन तलाव रिते झाले. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार व कसबा पेठांत पाणी शिरले. घरांच्या भिंती भिजून बसल्या, धान्य कुजले, वह्या-दप्तरे, दागिने, देव्हारे वाहून गेले. मृतांचा आकडा हजाराच्या घरात सांगतात. त्यावर एकमत नाही. आणखी एक विपरीत गोष्ट घडली. पुण्याचे पिण्याचे पाणी खडकवासल्याचेच असल्याने पुरात बुडालेल्या शहराचे नळ कोरडे पडले. वाड्यांतील विसरलेल्या विहिरींकडे लोकांस पुन्हा वळावे लागले.

मदतकार्याची धुरा स. गो. बर्वे यांच्याकडे देण्यात आली व त्यांनी ती कौतुकास्पद रीतीने पेलली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आजचे पुणे नदीपासून दूर पसरले त्यास हेही एक कारण आहे. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर आयोग नेमला गेला. त्यांच्या दुःखद निधनानंतर न्यायमूर्ती नाईक यांनी काम पुरे केले. पुढे पानशेत व खडकवासला ही दोन्ही धरणे नव्याने बांधण्यात आली.

ता. 11 ऑगस्ट 1979 रोजी गुजरातेत मच्छू धरणाचे मातीचे बांध पाणी वरून वाहून फुटले व मोरबी गाव उद्ध्वस्त झाले. सांडव्याची ताकद जेवढी धरली होती, त्याहून पूर कितीतरी मोठा आला होता.

आपल्या कोकणातील घटना तर अगदी अलीकडची. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण ता. 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. ते लहानसे, मातीचेच धरण. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. धरण फुटल्यावर राज्याच्या मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले. खेकडे बांध पोखरतात हे खरे, परंतु बिळे बुजविणे हे खेकड्यांचे काम नव्हे. खालच्या भेंदवाडीतील घरे त्या रात्री वाहून गेली, आणि शोधपथके पुढे कित्येक दिवस नदीच्या काठाने माणसे शोधीत होती.