तिसरा रकाना मराठीचा

देवास जिल्ह्यातील हाटपिपल्या या गावाच्या नावातच हाट आहे. हाटात जसा माल येतो, तसे शब्दही येतात. माळव्यातील मराठी माणूस बाजारात ‘आलू’ मागतो आणि घरी ‘बटाट्याची’ भाजी करतो. शेजाऱ्याची ‘चाबी’ त्याच्या घरात ‘चावी’ होते आणि ‘बाल्टी’ची ‘बादली’ होते. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या घरांत बटाटा, चावी, बादली, पगार हे शब्द सहज नांदतात. ते सारे समुद्रमार्गे, पोर्तुगीजांबरोबर आले आहेत.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती आली. पुढची दोन शतके कोकणातील मराठी माणसाचा त्यांच्याशी बाजारात, बंदरावर आणि कचेरीत संबंध येत राहिला. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. त्यावरून आपला ‘पगार’ झाला. ‘लेलांव’चा लिलाव झाला, ‘बिसाग्रा’ची बिजागरी झाली, ‘पांव’चा पाव झाला. मराठीने हे शब्द जसेच्या तसे ठेवले नाहीत. त्यांना आपले लिंग दिले, आपले प्रत्यय लावले आणि आपल्या घरात वाढवले.

याच काळातील एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांकडे होता. म्हणजे गोव्यावरही नावाने त्यांचेच राज्य होते. त्या गोव्यात १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री आला. त्याने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. त्याने पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूर येथे छापले गेले. जन्माने इंग्रज असलेला हा माणूस आयबेरियातील भाषेतून आपल्या भाषांचा अभ्यास करीत होता. त्या वेळी या दोन टोकांना जोडण्यासाठी इंग्रजीची गरज भासली नव्हती.

कोकण आणि माळवा यांना जोडणारा दुवा मराठी फौजांच्या इतिहासात सापडतो. नोव्हेंबर १७२८ मध्ये आजच्या धार जिल्ह्यातील अमझेरा येथे चिमाजी आप्पांनी मोगल सुभेदाराचा पराभव केला. त्याच चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली. धार आणि देवास येथे पवारांची राज्ये उभी राहिली. या मुलखात मराठी माणूस आला, तेव्हा कोकण आणि देश यांची भाषा त्याच्या ओठांवर होती. परके मूळ विसरलेले हे शब्दही तिच्यासोबतच आले.

आज चित्र उलटे आहे. मराठी मुले स्पॅनिश शिकू लागली आहेत आणि त्यांच्या हाती पडते ती दोन रकान्यांची यादी: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे स्पॅनिश. मराठीला त्या कागदावर जागाच नसते. वास्तविक स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण आहे. स्पॅनिशमध्येही पैसे देणे म्हणजे ‘पागार’ आणि बिजागरी म्हणजे ‘बिसाग्रा’. पण सावधही राहिले पाहिजे: स्पॅनिशमध्ये ‘बाताता’ म्हणजे रताळे, बटाट्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘पापा’ म्हणतात.

शब्दांपेक्षा वाक्यरचनेतील जवळीक अधिक बोलकी आहे. इंग्रजीत ‘यू’ या एकाच शब्दावर भागते. स्पॅनिशमध्ये जवळच्यासाठी ‘तू’ आणि आदरासाठी ‘उस्तेद’. मराठी मुलाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. ‘मे गुस्ता एल मांगो’ याची रचना ‘मला आंबा आवडतो’ अशीच आहे: आवडणारी वस्तू कर्ता, आणि ज्याला आवडते तो ‘मला’. इंग्रजीतून शिकणारा इथे अडखळतो. ‘मी घर पाहतो’, पण ‘मी मारियाला पाहतो’. माणूस आला की आपण ‘ला’ लावतो. स्पॅनिशमध्येही ‘वेओ ला कासा’, पण ‘वेओ आ मारिया’. इंग्रजीत या भेदाची खूणच नाही. माहीत असणे आणि ओळखणे यांसाठी स्पॅनिशमध्ये ‘साबेर’ आणि ‘कोनोसेर’ अशी दोन क्रियापदे आहेत. इंग्रजीतील ‘नो’ त्या दोन्हींवर पांघरूण घालते.

सीमेपलीकडील आपल्या घरांसाठी हा प्रश्न केवळ स्पॅनिशचा नाही. १९४८ मध्ये देवास आणि धार मध्यभारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये तो प्रदेश मध्य प्रदेशात गेला. दरबाराचा आधार गेल्यावर मराठी घरापुरती उरली आणि ‘घरापुरती भाषा शिकण्याच्या कामाची नसते’ ही समजूत मुलांच्या मनात रुजली. अशी समजूत दोन पिढ्या टिकली, की भाषा घरातूनही जाते.

म्हणून सीमेपलीकडील पालकांना एक विनंती आहे. मूल कोणतीही परकी भाषा शिकत असो, त्याच्या वहीतील यादीत तिसरा रकाना आखून द्या आणि त्यात मराठी शब्द लिहून घ्या. इंग्रजीचा रकाना खोडण्याचे कारण नाही. पण जिथे दोन भाषा एकमेकींना थेट ओळखतात, तिथे मध्यस्थाला प्रत्येक वेळी दलाली का द्यावी?