अकराव्या वर्षीची निवड : मध्य प्रांतातील मिडल स्कूल आणि वर्धा योजना

शिक्षणाच्या इतिहासात विद्यापीठांना मोठे स्थान मिळते. प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचा प्रश्नही पुष्कळ चर्चिला गेला आहे. या दोहोंमधील तीन-चार इयत्तांचा, म्हणजे ज्यांना आपल्याकडे ‘मिडल’ म्हणत त्यांचा, विचार सहसा स्वतंत्रपणे होत नाही. नागपुरात मात्र मुलाच्या पुढील आयुष्याचा निकाल बहुधा याच इयत्तांत लागत असे, आणि त्या वेळी त्याचे वय अकराच्या आसपास असे.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. वुडचा प्रसिद्ध खलिताही त्याच वर्षीचा. उच्च ज्ञानासाठी इंग्रजी आणि बहुजनसमाजासाठी देशी भाषा, ही त्या खलित्यातील विभागणी होय. नागपुरास इंग्रजी शिक्षण अगदीच अपरिचित नव्हते. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने भोसल्यांच्या अमदानीतच, १८४६ साली, येथे शाळा काढली होती. पुढे १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली आणि सरकारी विद्याखात्याच्या व्यवस्थेत ही विभागणी मधल्या इयत्तांपर्यंत खाली उतरली. प्राथमिक शाळेनंतर दोन वाटा फुटत. एक देशी भाषेच्या मिडल स्कूलची. ती त्याच ठिकाणी संपे, आणि तीतून बाहेर पडणारा मुलगा फार तर नॉर्मल स्कूलमध्ये जाऊन प्राथमिक शिक्षक होई किंवा एखादी किरकोळ नोकरी धरी. दुसरी वाट अँग्लो-व्हर्नाक्युलर मिडल स्कूलची. ती हायस्कुलाकडे आणि तेथून प्रवेश परीक्षेकडे जाई.

या दोन वाटांना ‘पर्याय’ हा शब्द जपूनच लावला पाहिजे. मुलाची आवड किंवा कुवत पाहून त्यांतील एक निवडली जात असे, असे मानण्यास फारसा आधार नाही. फी भरण्याची ऐपत, इंग्रजी शाळेचे गावापासूनचे अंतर आणि घरातील वडील माणसांचे शिक्षण, यांवरच ती निवड मुख्यतः ठरे. शिवाय इंग्रजी वाटेचा अभ्यासक्रमही नागपुरात ठरत नव्हता. तो प्रथम कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षेने वरून बांधलेला होता. १८८२ च्या हंटर आयोगाने परीक्षार्थी शिक्षणाबरोबर व्यवहारोपयोगी शाखा उघडण्याची सूचना केली खरी. पण ती हायस्कुलाच्या वरच्या इयत्तांसाठी होती, आणि तिला पालकांचा प्रतिसाद देशभर अल्पच मिळाला. १९२२ च्या कायद्याने प्रांतात हायस्कूल शिक्षण मंडळाची तरतूद झाली व १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. परीक्षा घरची झाली, तरी मिडलच्या दारातील फाटा तसाच राहिला.

या फाट्यावर पहिला खरा आघात नागपूरजवळच्या वर्ध्यास झाला. १९३७ च्या ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल तीस उपस्थित होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसायाचे केंद्र, हे तेथे ठरले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात सादर केलेल्या अहवालात या तत्त्वांना वेळापत्रकाचे रूप आले. साडेपाच तासांच्या दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेस ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस ३०, शारीरिक शिक्षण १० आणि मधली सुट्टी १०. इंग्रजीस यात एक मिनिटही नाही. सात ते चौदा या वयात मुलांची कोठेही फाटाफूट होऊ द्यायची नाही, हा या योजनेचा गाभा होता. सूतकताईवर जो वाद माजला त्यात तो झाकला गेला.

तो वाद निराधार नव्हता. मुलांच्या श्रमातून शिक्षकाचे वेतन काढण्याच्या कल्पनेवर प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच हरकत घेतली होती. नागपूरच्या संदर्भात आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. हे कोष्ट्यांचे आणि १८७७ पासून एम्प्रेस मिलचे शहर. ज्या घरात माग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या घरच्या बापाने शाळेकडून पुन्हा सूत व माग यांचीच अपेक्षा करावी काय? इंग्रजी मिडलची वाट अरुंद होती. परंतु जातीच्या धंद्यातून बाहेर नेणारी दुसरी वाट त्याला सहसा दिसत नव्हती. योजनेच्या पुरस्कर्त्यांनी या बाजूचा पुरेसा विचार केला, असे म्हणवत नाही.

शुक्लांनी प्रांतात विद्यामंदिर योजना हाती घेतली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यातील शाळा चालावी, अशी ती कल्पना. ‘मंदिर’ या नावास मुस्लिम लीगचा तीव्र विरोध झाला, आणि १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर योजनेचा राजाश्रय सुटला. परंतु मूळ कल्पनेस धक्का त्याआधीच, आणि तोही मित्रांच्या हातून, बसला होता. मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने १९३८ साली बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने वर्धा योजना स्वीकारली; मात्र पाचव्या इयत्तेनंतर, सुमारे अकराव्या वर्षी, मुलास मूलोद्योग शाळेतून अन्य प्रकारच्या शाळेत जाण्याची मुभा द्यावी असे सुचविले. सूचना व्यवहार्य दिसते. तिने अकराव्या वर्षीचा जुना फाटा मात्र पुन्हा उघडला. १९४४ च्या सार्जंट योजनेत सहा ते अकरा व अकरा ते चौदा असे मूलोद्योग शिक्षणाचे दोन टप्पे पडले, ते त्याच ठिकाणी.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. तेथे त्या काळी इंग्रजी आठवीपासून शिकविण्याचे धोरण होते. म्हणजे जो फाटा नागपुरास पाचवीत परिचित होता, तो मुंबईच्या कारभारात तीन इयत्ता पुढे ढकललेला होता. २००० सालापासून महाराष्ट्राच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले आणि इयत्तेचा वाद बहुतांशी मिटला. इंग्रजी माध्यमाच्या शाळांची संख्या वाढत गेल्याने निवड मात्र बालवर्गाच्या प्रवेशापर्यंत खाली सरकली आहे, आणि त्या वेळी मुलाचे वय तीन-चार वर्षांचे असते.