विकत घेतलेलें पुस्तक कोणाचें?

इ. स. १८५६ सालीं आगगाडी कर्जतवरून खोपोलीपर्यंत आली आणि तेथेंच थांबली. पुढें बोरघाट उभा होता. माथ्यावरील खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला, परंतु मधला घाट रुळांनीं जोडला जाण्यास १८६३ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत मुंबईहून पुण्याकडे जाणारीं माणसें व माल आजच्या खालापूर तालुक्यांतील या खोपोलीस उतरून पालखीनें अथवा बैलगाडीनें घाट चढत. मुंबईच्या छापखान्यांत निघालेल्या मराठी पुस्तकांसही देशावर जावयास हाच हमरस्ता होता. एकदां घाट चढून गेलेलें पुस्तक छापणाऱ्याच्या हुकमतींतून कायमचें सुटत असे. घेणाऱ्यानें तें वाचावें, शेजाऱ्यास द्यावें अथवा मुलाबाळांस ठेवावें.

मराठी वाचनाची अभिरुचि या सुटकेवरच वाढली आहे. त्यापूर्वींच्या काळांत पोथी उतरणारा लेखक शेवटीं वाचकास एवढेंच विनवी कीं, तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून हिला जप आणि मूर्खाच्या हातीं देऊं नको. ती विनंती होती, कुलूप नव्हतें. छापखान्यांच्या काळांत ग्रंथस्वामित्वाचा कायदा आला. प्रथम कंपनी सरकारचा १८४७ चा, आणि पुढें स्वतंत्र भारताचा १९५७ चा. या दुसऱ्या कायद्याचें चौदावें कलम मननीय आहे. प्रती लोकांत आणण्याचा हक्क तें ग्रंथकारास देतें. पण एकदां प्रचारांत आलेल्या प्रतीवर तो हक्क चालत नाहीं. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं व मुंबईचें १८९८ सालीं निघालें, तीं याच जुन्या वहिवाटीवर : एक प्रत अनेकांनीं वाचावी.

आज खोपोलीच्या लोकलमध्यें बसलेला वाचक क्षणार्धांत ई-पुस्तक मागवितो. तें घाट, नदी, समुद्र कांहींच न मानतां येतें. मात्र त्याची दोरी विकणाऱ्याच्याच हातीं राहते. पुष्कळ दुकानें त्यावर डिजिटल कुलूप घालतात. प्रत कोणत्या खात्यावर व कोणत्या यंत्रावर उघडावी, हें तींच ठरवितात. किंमत देतांना 'विकत घ्या' असें वाचलेलें असतें. अटींच्या बारीक मजकुरांत तो केवळ वाचण्याचा परवाना ठरतो. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. त्या विकणाऱ्यास तसा हक्कच नव्हता, हें कारण. पैसे परत मिळाले. पण छापील पुस्तकाचा दुकानदार पैसे ठेवून कपाटांतील पुस्तक नेऊं लागला, तर आम्ही त्यास काय म्हणूं?

ग्रंथकाराची बाजू आम्ही विसरत नाहीं. ई-पुस्तकाच्या हजार प्रती एका बोटानें निघतात, आणि मराठी लेखकाची मिळकत मुळांतच तुटपुंजी. चोरून वांटणाऱ्यास शासन असावेंच. २०१२ च्या दुरुस्तीनें आलेलें कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगतें. कायद्यानें मना न केलेल्या कामाच्या मात्र तें आड येत नाहीं. दृष्टिहीनांस उपयोगी पडेल अशी प्रत करण्याची मुभाही याच दुरुस्तीनें दिली. म्हणजे कायदा प्रामाणिक वाचक व चोर यांत भेद करतो; कुलुपास तो करतां येत नाहीं. उघडण्याचें साधन हातीं नसेल, तर कायद्यानें दिलेली मुभा कागदावरच राहते. शिवाय कुलुपास मुदतही कळत नाहीं. साने गुरुजी १९५० सालीं निवर्तले. मरणोत्तर ६० वर्षें भरून १ जानेवारी २०११ पासून त्यांचें वाङ्मय सर्वांचें झालें. अशा ग्रंथाच्या प्रतीवरही कुलूप घातलें, तर तें कोणाच्या हक्काचें रक्षण?

आमचें मागणें थोडें आहे. विकत घेतलेली प्रत एका वेळीं एकास उसनी देतां यावी, यंत्र बदललें तरी ती बरोबर यावी, ग्रंथालयांस व वारसांस मिळावी, आणि दुकान उठलें तरी आपल्याजवळ राहावी. हें ज्यांस द्यावयाचें नसेल त्यांनीं 'विक्री' हा शब्द सोडून 'भाडें' म्हणावें. खोपोलीहून घाट चढलेलें पुस्तक ज्या घरीं पोंचलें त्या घरचें झालें. विजेच्या वेगानें आलेल्या पुस्तकावरील वाचकाचा हक्क त्याहून कमी असावा, याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.