गोठवलेला गर आणि कुजणारी पिशवी

बालाघाटच्या डोंगरात, धारूर-अंबाजोगाईच्या बाजूला, दसऱ्याच्या सुमारास सीताफळाचा हंगाम भरात असतो. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण हे फळ उतरवल्यावर थोड्याच दिवसांत मऊ पडते. आंब्याचा रस तापवून डबाबंद करता येतो. सीताफळाचा गर तापवला तर कडवट होतो आणि उघडा ठेवला तर हवेतील ऑक्सिजनमुळे काळवंडतो. म्हणून तो पिशवीत भरून उणे १८ अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली गोठवतात. पिशवी बहुधा पॉलिथिनची असते. गर संपतो, पिशवी उरते. मग कुजणारी पिशवी का वापरू नये? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

अशा कामाची पहिली पारदर्शक फिल्म कुजणारीच होती! १९०८ मध्ये स्विस रसायनतज्ज्ञ झाक ब्रांडेनबर्गर यांनी सेल्युलोजपासून सेलोफेन बनवले. त्यातून पाण्याची वाफ मात्र सहज आरपार जाई. १९२७ मध्ये अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या विल्यम हेल चार्च यांनी नायट्रोसेल्युलोज व मेण यांचा अतिशय पातळ थर देऊन हा दोष घालवला. त्याच काळात क्लॅरेन्स बर्ड्सआय अन्न झटपट गोठवण्याचे तंत्र रुजवत होते. बर्फसुद्धा न वितळता हळूहळू वाफ होऊन उडतो आणि अन्न कोरडे पडते. म्हणून वाफ अडवणारे वेष्टन गोठवलेल्या अन्नाला हवेच होते.

पुढे १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत पॉलिथिन सापडले. ते स्वस्त, वाफ अडवणारे आणि कडक थंडीतही लवचिक ठरले. सेलोफेन मागे पडले.

त्याआधीच, १९२६ मध्ये, पॅरिसमध्ये मॉरिस लेमॉइन यांना जिवाणूंच्या शरीरात पीएचबी हे कुजणारे बहुवारिक सापडले होते. पण प्रत्येक बहुवारिकाचे एक ठरावीक तापमान असते. त्याखाली रेणूंच्या साखळ्यांची हालचाल गोठते. पॉलिथिनसाठी ते शून्याखाली शंभर अंशांहूनही खाली, पीएचबीसाठी शून्याच्या आसपास, तर मक्याच्या पिष्टापासून बनणाऱ्या पीएलएसाठी सुमारे ६० अंश असते. म्हणून शीतगृहात या दोघांच्या फिल्म ठिसूळ होतात. पीबीएटी हे कुजणारे बहुवारिक थंडीत लवचिक राहते, पण पॉलिथिनपेक्षा कितीतरी जास्त वाफ बाहेर सोडते. कुजण्यासाठी पाण्याला वाट हवी, टिकवण्यासाठी ती बंद हवी. खरी अडचण हीच आहे.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लॅस्टिकवर व्यापक बंदी घातली. मात्र ‘कुजणारी’ असा छाप असलेली प्रत्येक पिशवी शेताच्या बांधावर कुजेलच असे नाही. पीएलएला साठेक अंशांचे उष्ण, ओलसर खत लागते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन सारख्या वाट्यांत सारखे पाणी घ्या. एकीवर पॉलिथिन, दुसरीवर कुजणारी पिशवी ताणून घट्ट बांधा. आठवडाभर रोज वजन करा. सीताफळाच्या गराचा प्रश्न मुलांना तराजूच्या काट्यावर दिसेल.